काफ म्हणजे वासरू, पोटरी की हत्तीचं पिल्लू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझे इंग्रजीचे क्लास चालतात आणि क्लासच्या मागे आमचा गोठा आहे. सकाळी फोन येतो तो दूधवाल्यांचा, संध्याकाळी पालकांचा, आणि दोघांच्या तोंडी अडकलेला शब्द एकच निघतो : काफ. खाद्याच्या पोत्यावर काफ, मुलांच्या पुस्तकात काफ, दवाखान्याच्या कागदावरही काफ. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन झाली, म्हणून एकदा लिहून ठेवते. आपला प्रश्न यात नसेल तर आधी शेजारचा वाचा, बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

१. मॅडम, काफ म्हणजे वासरू. यात विचारण्यासारखं आहे काय?

निम्म्या वेळा वासरूच असतं. पण इंग्रजीतला हा शब्द आपल्या वासरापेक्षा ढिला आहे. गायीचं, म्हशीचं, हत्तीचं, देवमाशाचं, सगळ्यांचं पिल्लू त्यात बसतं. शिवाय माणसाची पोटरी, हिमनदीचा तुटलेला तुकडा, मोठ्या बेटाशेजारचं छोटं बेट आणि मऊ कातडं हेही त्याच नावाने येतं. म्हणून माझ्या क्लासात एकच सवय लावते : काफ दिसला की आधी विचारायचं, ‘कुणाचं?’ उत्तर मिळाल्याशिवाय मराठी शब्द लिहायचा नाही.

२. उच्चार काल्फ की काफ?

काफ. मधला एल गप्प बसतो. कुणाला पटत नसेल तर मी सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनचं नाव घेते. यवतेश्वरचा घाट चढणारा एकजण तरी ‘हाल्फ मॅरेथॉन’ म्हणतो का? मग काल्फ कशाला? अमेरिकन माणूस ‘कॅफ’च्या जवळ जाईल, पण एल तोही म्हणत नाही. मात्र ‘का’ लांबवायला विसरू नका. आखूड केलात तर शर्टाचा कफ होतो, आणि त्यातून काय घोटाळा होतो ते प्र. ११ मध्ये आहे.

३. अनेकवचन ‘काफ्स’ चालेल का?

नाही. काव्ह्ज. लीफचं लीव्ह्ज आणि वाइफचं वाइव्ह्ज होतं, तसंच. पोटरीलाही हाच नियम, दोन पोटऱ्या म्हणजेही काव्ह्ज. मात्र चीफ आणि रूफ यांना हा नियम लावू नका, तिथे नुसता एस.

४. मुलीच्या पुस्तकात हत्तीच्या पिल्लालाही काफ म्हटलंय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. इंग्रजीत मोठ्या अंगाच्या बऱ्याच प्राण्यांना गायीगुरांचीच नावं लावतात. नर हत्ती तो बुल, मादी ती काऊ, आणि मग पिल्लू साहजिकच काफ. गेंडा, पाणघोडा, जिराफ, उंट, डॉल्फिन, देवमासा, सगळे या एकाच दावणीला. आपल्या चांदोली आणि कोयनेच्या जंगलातल्या गव्याचं पिल्लूही काफच.

आकारावर जाऊ नका. हत्तीचं काफ जन्मतः साधारण १०० किलोचं असतं. निळ्या देवमाशाचं काफ जन्मतः जवळपास ७ मीटर लांब आणि अडीच-तीन टनांचं, म्हणजे एका ट्रॅक्टरएवढं ‘वासरू’. एका माहितीपटाच्या मराठी ओळींत मी ‘देवमाशाचे वासरू आईचे दूध पिते’ असं वाचलं आणि हातातला चहा सांडला. दूध पितं हे खरं, पण ते वासरू नव्हे, पिल्लू.

तर ठोकताळा असा : जिथे मोठ्यांना बुल आणि काऊ म्हणतात, तिथे पिल्लाला काफ. आता अपवाद. सीलच्या नराला बुल म्हणतात, मादीला काऊ म्हणतात, पण पिल्लाला पप, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाचं नाव. असं का, तर भाषा तशी आहे म्हणून. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हा एक पाठ करून ठेवावा.

५. मग कालवड, खोंड, रेडकू, वगार यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द नाहीत?

काहींना आहेत, बऱ्याच जणांना नाहीत, आणि माझं या शब्दाशी खरं भांडण इथेच आहे. गोठ्यात आपण वासरू फार तर पहिले काही दिवस म्हणतो. मग ती कालवड किंवा पाडी होते, तो गोऱ्हा किंवा खोंड होतो. म्हशीचं रेडकू किंवा पारडू, आणि मादी मोठी होऊन अजून व्यालेली नसेल तर वगार. आटपाडी-खरसुंडीकडे खिलार जनावरांचा बाजार भरतो तिथे उभं राहून नुसतं ‘वासरू केवढ्याला’ विचारलंत, तर गिऱ्हाईक नवखं आहे हे समोरच्याला लगेच कळतं.

इंग्रजीत नर असेल तर बुल काफ, मादी असेल तर हेफर काफ. म्हशीचं असेल तर पुढे बफेलो लावायचं, वेगळा शब्द नाही. हेफर हा शब्द मात्र कामाचा आहे : अजून न व्यालेली कालवड. त्याचं स्पेलिंग बघून लोक ‘हायफर’ किंवा ‘हीफर’ म्हणतात, पण उच्चार हेफर. विम्याच्या किंवा कर्जाच्या कागदावर तो असतो. तिथे व्यालेली गाय दाखवून हेफर लिहिलंत तर पुढे निस्तरत बसावं लागतं.

६. कितव्या महिन्यापर्यंत काफ म्हणायचं?

ठरीव रेघ नाही. साधारण दूध तुटेपर्यंत नक्की, आणि बोलण्यात वर्षाचं होईपर्यंत. त्यानंतर मादी हेफर. ती व्याली की काऊ, अगदी पहिलारू असली तरी. सरकारी अर्जावर वयाचे रकाने वेगळे असतात, तिथे रकाना सांगेल तेच खरं.

७. दुकानात ‘काफ स्टार्टर’चं पोतं मिळतं. ते रेडकाला चालतं का? आणि मोठ्या गायीचंच खाद्य थोडं थोडं दिलं तर?

रेडकाला चालतं. पोत्यावरच्या काफमध्ये गायीम्हशींची दोन्ही पिल्लं येतात (प्र. ५). करडाला किंवा कोकराला मात्र त्यांचं त्यांचं खाद्य घ्या.

मोठ्या जनावराचं खाद्य देऊ नका. वासराचं मोठं पोट, म्हणजे रवंथाचं पोट, अजून तयार झालेलं नसतं. मोठ्यांच्या काही खाद्यांत युरिया असतो. तो मोठी गाय पचवते, वासराला त्याचा त्रास होतो. स्टार्टरमध्ये प्रथिनं जास्त आणि तंतू कमी असतात. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर पुढ्यात ठेवायचं. आधी नुसतं हुंगेल, मग जीभ लावेल. तुम्ही बोटाला लावून तोंडात दिलंत तर लवकर शिकतं.

आणि पोत्याच्या आधी चीक. जन्मल्यावर तासाभरात पाजायला हवा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. ३० किलोचं वासरू असेल तर ३ लिटर, दोन-तीन वेळांत वाटून. वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही ही जुनी समजूत आमच्याही घरात होती. ती मोडायला मला माझ्या इंग्रजीपेक्षा पशुवैद्यकाचं मराठी जास्त उपयोगी पडलं.

८. गावात ‘काफहूड व्हॅक्सिनेशन’ची टीम आली, पण आमच्या खोंडाला लस दिली नाही. भेदभाव आहे का?

नाही. ही लस ब्रुसेल्लोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, कालवडींना आणि म्हशीच्या मादी रेडकांना, आयुष्यात एकदाच देतात. खोंडाला देत नाहीत. काफहूड म्हणजे वासरूपण, जसं चाइल्डहूड म्हणजे बालपण. राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस २०१९ पासून आहे. एक मात्र लक्षात ठेवा : हा आजार माणसालाही होतो. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नका.

९. ‘द काऊ गेव्ह डिलिव्हरी’ बरोबर आहे का?

नाही, पण दर वर्षी कुणीतरी लिहितंच. ‘द काऊ काव्ह्ड’ एवढं पुरे. मराठीत गाय व्याते, शेळी व्याते, कुत्रीही व्याते, एका क्रियापदात काम होतं. इंग्रजी इथे उलट खर्चिक आहे. गाय काव्ह करते, घोडी फोल, मेंढी लॅम, शेळी किड, डुकरीण फॅरो आणि कुत्री वेल्प. म्हणजे प्र. ५ मध्ये आपण ज्याबद्दल मिरवलो, तसं त्यांना इथे मिरवता येईल.

कागदावर ‘काव्हिंग डेट’ म्हणजे व्याल्याची तारीख, आणि ‘काव्हिंग इंटरव्हल’ म्हणजे दोन वेतांतलं अंतर. ते १२-१३ महिन्यांचं असावं असं सांगतात. आमच्या एका संकरित गायीचं १७ महिन्यांवर गेलं होतं. तो आकडा त्या कागदावर वाचला तेव्हा दुधाचा हिशेब का बसत नव्हता ते समजलं.

१०. बातमीत ‘ग्लेशियर काव्हिंग’ होतं. हिमनदी व्याली असं लिहू का?

लिहू नका, वाचणारा हसेल. हिमनदीच्या टोकाचा मोठा कडा तुटून समुद्रात पडतो त्याला काव्हिंग म्हणतात, आणि त्यातून हिमनग तयार होतो. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या भाषांतही यासाठी गाय व्याण्याचंच क्रियापद आहे. शीतकटिबंधातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ते चित्र येतं, आमच्या खानापूर तालुक्यातल्या माणसाच्या येत नाही. ‘हिमकडा तुटला’ म्हणा. अशाच नात्याने ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या छोट्या बेटाचं नाव ‘काफ ऑफ मॅन’ आहे. मॅन म्हणजे तिथे माणूस नव्हे, बेटाचंच नाव. ‘माणसाची पोटरी’ असं भाषांतर एका मुलाने करून आणलं होतं. त्याला मी पूर्ण गुण द्यायला हवे होते.

११. डॉक्टरांनी आईच्या कागदावर ‘काफ टेंडरनेस’ लिहिलंय. छातीत कफ झालाय का?

नाही हो. पोटरी दुखरी आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंचा उजवा पाय सुजला. कागदावर उजव्या काफला सूज असं लिहिलेलं होतं. पुतण्याने ‘कफ’ वाचलं आणि येताना खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला. सासूबाई पाय वर करून बसलेल्या, घसा ठणठणीत, आणि पुढ्यात चमच्यासकट बाटली. म्हणाल्या, ‘पायाला लावायचं का प्यायचं?’ ती बाटली अजून फ्रीजच्या दारात आहे.

काफ म्हणजे गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंतचा मागचा मांसल भाग. त्यात वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सोलिअस असे दोन मुख्य स्नायू. चालताना हे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात, म्हणून पोटरीला कुणी कुणी दुसरं हृदय म्हणतात. रात्री पोटरीत गोळा येतो तो बहुधा याच स्नायूंचा, ताण दिला की उतरतो. पण फक्त एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, तर चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१२. वासरू आणि पोटरी यांना एकच शब्द कसा? पोटरी वासरासारखी दिसते म्हणून?

शब्दकोशात ही दोन वेगळी घरं आहेत. वासराचा काफ जुन्या इंग्रजीतून आलाय, पोटरीचा काफ जुन्या नॉर्स भाषेतून, स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांबरोबर. मुळाशी त्यांचं काही नातं असेल तर तो पंडितांचा वाद. जर्मनमध्ये वासराला काल्ब म्हणतात आणि पोटरीला वाडं, म्हणजे तिथे गोंधळच नाही.

आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? शाळू पोटरीला आला असं शेतकरी म्हणतो तेव्हा ज्वारीला पाय फुटलेले नसतात. कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात ते फुगून बसतं, तीच पोटरी. या वेळी पाणी चुकलं तर दाणा भरत नाही. हे इंग्रजीत सांगायचं झालं तर ‘काफ स्टेज’ नव्हे, ‘बूट स्टेज’. त्यांनी बूट घातला, आपण पोटरी दाखवली.

१३. मराठी वासरू आणि इंग्रजी काफ यांचं मूळ एकच का?

नाही. पण इंग्रजीतल्या दुसऱ्या एका शब्दाशी वासराचं नातं निघतं, आणि ते मला फार आवडतं. वासरू हा शब्द संस्कृत ‘वत्सरूप’वरून आला. वत्स म्हणजे वासरू. वात्सल्य म्हणजे मुळात गायीची वासराबद्दलची ओढ. लॅटिनमध्ये वासराला ‘विटुलुस’ म्हणतात, तो वत्साचा चुलतभाऊ, आणि दोघांच्या मुळाशी वर्ष आहे : वर्षाचं जनावर. आपल्या संवत्सरातही तेच वर्ष बसलंय. त्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘व्हील’ आला, म्हणजे वासराचं मांस. चाकाचा व्हील वेगळा. लिहिण्यासाठी कमावलेल्या वासराच्या कातड्याचं नाव ‘व्हेलम’ही त्याच वंशातलं.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करताना गुरुजी गोवत्स म्हणतात, तो वत्स हाच.

१४. ‘काफ लेदर’ म्हणजे पोटरीपर्यंतचे बूट?

पोटरीपर्यंतच्या बुटाला ‘काफ-लेंग्थ’ म्हणतात. काफ लेदर म्हणजे वासराचं कातडं : पातळ, गुळगुळीत आणि महाग. किड लेदर करडाचं. आपली कोल्हापुरी यापैकी कशाचीच नाही. तिचं कातडं जाड, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर सांगली-सातारा हे जिल्हेही आहेत, शिवाय कर्नाटकातले चार.

१५. गोल्डन काफ, फॅटेड काफ, काफ लव्ह यांचं मराठी काय करू?

पहिले दोन बायबलातले. मोशे डोंगरावर गेला असताना लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं, म्हणून गोल्डन काफ म्हणजे पैशाची किंवा खोट्या देवाची भक्ती. उधळ्या मुलगा घरी परतला तेव्हा बापाने जपून पोसलेलं वासरू कापलं, म्हणून फॅटेड काफ म्हणजे कुणाच्या येण्याचा थाट. आपल्याकडे हे शब्दशः मांडलंत तर अर्थ लांबच राहतो, भलताच वाद जवळ येतो. ‘पायघड्या घातल्या’ म्हणा. काफ लव्ह म्हणजे कोवळ्या वयातलं प्रेम. पपी लव्ह जास्त चालतं.

उलट दिशेने ‘वासरात लंगडी गाय शहाणी’चं शब्दशः इंग्रजी करू नका. त्यांच्याकडे आंधळ्यांच्या राज्यात एकडोळ्या राजा असतो. आपली म्हण मला जास्त खरी वाटते, कारण ती मी रोज बघते.

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात १९७१ च्या निवडणुकीच्या बातम्यांत ‘काऊ अँड काफ’ दिसतं, ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं गाय-वासरू हे चिन्ह. आधीची बैलजोडी, नंतरचा हात.

१६. गायीला जुळी झाली, एक खोंड आणि एक कालवड. कालवड ‘फ्रीमार्टिन’ आहे म्हणाले. ही कुठली जात?

जात नव्हे. खोंडाबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा, दहातल्या नऊहून अधिक वेळा, वांझ निघते. गर्भात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि खोंडाच्या बाजूने आलेल्या घटकांमुळे कालवडीचे अवयव नीट वाढत नाहीत. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. दोन्ही कालवडीच असतील तर ही भीती नाही. दोन वर्षं वैरण घालून मग कळण्यापेक्षा आधीच तपासून घ्या, तपासणी होते. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द मी ऐकलेला नाही, गोठ्यात ‘जुळ्यातली’ म्हणतात आणि ऐकणारा समजतो.

१७. पाचवीतल्या मुलाचा प्रश्न आहे, हसू नका : काफला काफ असतं का?

हसले नाही, गोठ्यात गेले. गायीच्या मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, तो खरं तर तिची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ. या दोहोंच्या मध्ये मागच्या बाजूला जो स्नायू आहे तो आपल्या पोटरीतलाच गॅस्ट्रोक्नेमियस. म्हणजे पोटरी आहे. व्याण्याच्या सुमारास गाय घसरून पडली किंवा उठताना धडपडली तर तो कधी कधी फाटतो, आणि मग टाच खाली टेकते. पशुवैद्य त्या वेळी गॅस्ट्रोक्नेमियस हेच लांब नाव घेतात. काफ म्हणत नाहीत, कारण गोठ्यात तो शब्द आधीच दुसऱ्या कुणीतरी अडवलेला असतो. आमचा चार महिन्यांचा एक गोऱ्हा, त्या मुलाने पाय चाचपला तेव्हा लाथ मारून मोकळा झाला.